घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घ्यायचं नाही?

फटाक्यांना घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेऊ नका, लाडाने भीती वाढते असं एका लेखात म्हटलंय ते अजिबात पटलं नाही. भीती म्हणजे काय खोड आहे का लाडाने वाढायला? आमची चिंगी लक्ष्मीपूजनाला बाथरूममध्ये बादलीमागे शिरते, थरथर कापते, लाळ गळते, दूध-पोळी हुंगत पण नाही, तेव्हा नुसतं शेजारी फरशीवर बसून पाठीवर हात ठेवला तरी श्वास हळूहळू शांत होतो तिचा. आणि प्लीज, अंधार पडायच्या आत फिरवून आणा, गळ्यात पट्टा आणि त्यावर फोन नंबर असूच द्या, माळ लागली की दार उघडं दिसेल तिकडे पळतात बिचारे. रात्री १० नंतर फटाक्यांना सुप्रीम कोर्टाने २००५ मध्येच बंदी घातलीये, तरी आमच्या गल्लीत १२ पर्यंत सुतळी बॉम्ब चालूच असतात.