‘कूटबद्ध नोंद म्हणजे सुरक्षित नोंद’ या दाव्याचा प्रतिवाद

इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींविषयी एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. एका रुग्णालयातून दुसरीकडे जाणारी नोंद कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असते, संशोधनासाठी देताना रुग्णाचे नाव काढलेले असते आणि हे सारे त्याच्या संमतीनेच होते. तेव्हा खासगीपणाची ओरड निरर्थक आहे, असे त्या संदेशाचे म्हणणे. यातली तीनही विधाने बहुतांशी खरी आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

कूटबद्धता नोंदीचे वाटेत रक्षण करते आणि ते काम ती चोख करते. पलीकडे पोहोचल्यावर मात्र नोंद उलगडावीच लागते, कारण डॉक्टरांना ती वाचायची असते. २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत वैद्यकीय विम्याच्या दाव्यांची देवाणघेवाण हाताळणाऱ्या चेंज हेल्थकेअरवर हल्ला झाला, तेव्हा कोणी वाटेतली कूटलिपी फोडली नव्हती. हल्लेखोर चोरलेला पासवर्ड घेऊन दूरस्थ प्रवेशाच्या एका पोर्टलमधून आत शिरले, आणि त्या पोर्टलवर पासवर्डखेरीज दुसरी पडताळणीच नव्हती. सुमारे १९ कोटी लोकांची माहिती त्या हल्ल्याच्या तडाख्यात सापडली. बाहेरच्या चोराची निदान बातमी तरी होते. वैध लॉगिन असलेला कर्मचारी निव्वळ कुतूहलापोटी ओळखीच्या माणसाची फाइल उघडतो, ते मात्र कोणी काय पाहिले याची नोंदवही नियमितपणे तपासली, तरच उघडकीस येते.

नाव काढण्याच्या युक्तिवादाला तर १९९७ मध्येच उत्तर मिळाले आहे. मॅसॅच्युसेट्समधील राज्य कर्मचाऱ्यांच्या उपचारांची नावे वगळलेली माहिती लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने २० डॉलरला घेतलेल्या मतदारयादीशी ताडून पाहिली, आणि केवळ जन्मतारीख, लिंग व पोस्टाचा झिप कोड यांच्या आधारे तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद वेगळी काढली. ते प्रसिद्ध होते आणि त्यांच्या आजारपणाची बातमीही छापून आली होती, हा आक्षेप रास्त आहे. पण सहकाऱ्याची जन्मतारीख आणि तो कधी रुग्णालयात होता हे आपल्यालाही ठाऊक असतेच की! शिवाय नाव एकाच रकान्यात नसते. सीटी स्कॅनच्या डायकॉम फाइलमध्ये (वैद्यकीय चित्रे साठवण्याचा हा प्रमाणित प्रकार) चित्राआधीच्या माहितीत ते असते, आणि डॉक्टरांच्या टिपणात ‘मुख्याध्यापक, डाव्या हाताला सहा बोटे’ असे लिहिले असेल, तर नावाची गरजच उरत नाही.

संमतीचे सांगायचे तर, चौकटीत खूण करणाऱ्याला आपण नेमके काय देतो आहोत हे क्वचितच दिसते. डोळ्यांच्या डॉक्टरांना साखरेचा अहवाल आणि चालू औषधे हवी असतात. त्यांच्याकडे जाते ती अख्खी फाइल, दहा वर्षांपूर्वीच्या मानसोपचारांसकट. आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीसाठीच्या एफएचआयआर या मानकात प्रयोगशाळेचे निकाल, औषधे, निदाने असे भाग वेगवेगळे मागवता येतात आणि परवानगीही तितक्यापुरतीच देता येते, त्यामुळे ही तंत्राची अडचण मानता येत नाही. उद्या संमती मागे घेतली तरी पुढची देवाणघेवाण तेवढी थांबते. आधीच पोहोचलेल्या प्रती जिथल्या तिथे राहतात.