रंगीत कोंबड्याची वाट

मागच्या आठवड्यात इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाच्या डोंगरातले फोटो टाकले होते. धुकं, कॉफीची झाडं, पत्र्याच्या छपरातून निघणारा चुलीचा धूर. खाली कमेंट्स आल्या: 'स्वर्ग!', 'पैसा नाही पण सुख आहे', 'अशा गावात जाऊन राहायला हवं'. पुण्याच्या आतेभावाने तर विचारलं, 'रिटायर झाल्यावर तिथे एक तुकडा घेऊन टाकू का?' (नाही घेता येणार रे. इंडोनेशियात परदेशी माणसाच्या नावावर मालकी हक्काची जमीन होत नाही.) प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. थोडं लांबेल.

जकार्तात माझं हे सहावं वर्ष. ऑफिसातला एक तरुण पोरगा मंगाराईचा, म्हणजे फ्लोरेस बेटाच्या पश्चिमेकडचा. धाकट्या बहिणीच्या 'पेस्ता सकोला'ला चला म्हणून मागे लागला. ही भानगड काय ते पुढे सांगतो. विमानाने लाबुआन बाजो, तिथून गाडीने चार तास घाट चढून रुतेंग, आणि पुढे 'ओटो कोल'. म्हणजे ट्रकच्या हौद्यात लाकडी बाकं ठोकून केलेली बस. टपावर तांदळाची पोती, मागे बांधलेलं डुक्कर, आणि कानठळ्या बसवणारी गाणी. लाबुआन बाजोला २०२३ साली आसियानची शिखर परिषद झाली, कोमोडोच्या घोरपडी बघायला जगभरचे लोक येतात, तिथले रस्ते गुळगुळीत. आमच्या प्रवासातल्या शेवटच्या नऊ किलोमीटरना मात्र दीड तास लागला.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इंडोनेशियात गावाला 'देसा' म्हणतात, आपल्याच 'देश' शब्दावरून. सरपंच म्हणजे 'केपाला देसा'. केपाला आला संस्कृत कपाल वरून, तेव्हा सरपंच म्हणजे गावाचं कपाळच! आणि मंगाराईत लहान मुलाला लाडाने 'नाना' म्हणतात, मुलीला 'एनू'. चार वर्षांच्या नागड्या पोराला आजी 'नाना, इकडे ये' म्हणते तेव्हा मला सदाशिव पेठेतले धोतरवाले नाना आठवून हसू आवरेना.

बरं, गरिबी. सरकारने काही केलंच नाही, असं मुळीच नाही. २०१४ साली इंडोनेशियाने गावांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि पुढच्या वर्षीपासून 'दाना देसा' नावाचा निधी थेट गावांना द्यायला सुरुवात केली. २०१९ साली तो ७० लाख कोटी रुपियांवर (रुपिया हे तिथलं चलन) गेला होता. पंचाहत्तर हजारांच्या आसपास गावं धरली तर एका गावाला सरासरी नव्वद कोटींच्या वर, आपल्या हिशेबाने पंचेचाळीस-पन्नास लाख. ग्रामपंचायतीच्या कचेरीबाहेर चक्क फ्लेक्स असतो आणि त्यावर वर्षाचा जमाखर्च छापलेला. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर वाढलेला माझ्यासारखा माणूस तिथे पाच मिनिटं उभा राहिला. (कोपऱ्यात केपाला देसांचा हसरा फोटो होताच. तेवढं चालायचंच.)

त्या पैशातून काँक्रीटची पायवाट झाली, नळाची टाकी झाली, काही गावांत पैसा मधल्यामध्ये जिरला आणि केपाला देसा तुरुंगात गेले. जानेवारी २०२३ मध्ये देशभरातले केपाला देसा जकार्तात संसदेसमोर जमले होते, मुदत सहा वर्षांवरून नऊ करा म्हणून. २०२४ साली आठ करून मिळाली. कपाळ मोठं करण्याची घाई सगळ्यांना.

पण पायवाट बांधून कॉफीचा भाव वाढत नाही, आणि हे गाव कॉफीवर जगतं. याच पट्ट्यात कोलोल नावाचं गाव आहे. १९३७ साली डचांनी कॉफीच्या बागांची स्पर्धा घेतली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्याला मानाचा ध्वज मिळाला होता. त्याच कोलोलच्या बागा सरकारी जंगलात आहेत असं सांगून या शतकाच्या सुरुवातीला प्रशासनाने झाडं तोडली. पोलिसांनी धरलेल्या गावकऱ्यांना सोडा म्हणून लोक रुतेंगला गेले. दिवस १० मार्च २००४. गोळीबारात सहा शेतकरी मेले. मी ज्यांच्या घरी उतरलो होतो ते बापा (तिथे वडीलधाऱ्यांना बापा म्हणतात) ही गोष्ट सांगताना आवाज चढवत नाहीत. फक्त कॉफी ओततात.

आणि इतकं करून बाग राहिली, तरी पीक आपलं असतंच असं नाही. तिथे 'इजोन' चालतं. 'इजो' म्हणजे हिरवा. फळ हिरवं असतानाच व्यापाऱ्याकडून पैसे उचलायचे, तोडणीला त्याच्या दराने माल घालायचा. आमच्या कोकणात मोहोर बघून आंब्याची बाग कराराने देतात, त्याचाच भाऊ. बापांना विचारलं, यंदा किती उचललेत? म्हणाले, निम्मं. कशासाठी? पोरीच्या शिक्षणासाठी.

आता पेस्ता सकोला. मंगाराईत कुणी शिकायला किंवा पोटापाण्यासाठी घर सोडून निघालं की 'वुआत वाई' नावाचा विधी करतात. पांढरा कोंबडा हातात धरून पूर्वजांना सांगतात, हिला वाट दाखवा. मूळ विधी घरगुती. त्याचंच पुढे मोठं रूप झालं, ती ही शाळेची मेजवानी. मांडव, भाड्याचे स्पीकर, डुकराचं मटण, ताडाची दारू, रात्रभर नाच. येणारा प्रत्येक जण पाकीट देतो. एक माणूस टेबलाशी वही घेऊन बसतो आणि नावासमोर आकडा लिहितो. आपल्या आहेराच्या वहीसारखीच ही वही, फक्त लग्नाऐवजी कॉलेजच्या फीसाठी. उद्या त्यांच्या घरी कार्य निघालं की तेवढं किंवा थोडं जास्त परत करायचं. तिथलेच काही लोक यावर चिडतात. महिन्याला चार-चार पाकिटं, कर्ज काढून मान राखायचा, त्यात दारूचा खर्च. त्यांचं खरं आहे. तरीही मला ती रात्र विसरता येत नाही. बँकेत ज्यांना कुणी उभं करणार नाही अशा दीडशे घरांनी मिळून एका एनूला कुपांगच्या, म्हणजे प्रांताच्या राजधानीतल्या, नर्सिंग कॉलेजात पाठवलं.

म्हणून 'पैसा नाही पण सुख आहे' वाचलं की डोकं फिरतं. गावाला स्वतःबद्दल काय वाटतं ते गाव खर्चातून दाखवतं. हातात येईल ती प्रत्येक रुपिया हे लोक मुलं बाहेर पाठवण्यावर घालतात. महिन्यातून एकदा तिथे 'पोस्यांदू' भरतं, आपल्या अंगणवाडीसारखं, मुलांचं वजन-उंची बघायला. २०२२ च्या सरकारी पाहणीत या प्रांतातली ३५.३ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. देशाचा आकडा २१.६ होता. स्वर्गातली मुलं इतकी खुजी नसावीत.

शाळा आहे. १९७३ नंतरच्या सहाएक वर्षांत, तेलाचा पैसा आला तेव्हा, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी देशभर एकसष्ट हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या, त्यातलीच एक. या शाळांमुळे मुलांची शिक्षणाची वर्षं आणि पुढची कमाई दोन्ही वाढली, हे अर्थतज्ज्ञ एस्तेर ड्यूफ्लो यांनी दाखवून दिलं. त्याच नोबेलवाल्या, अभिजित बॅनर्जींच्या पत्नी, म्हणजे त्यांच्या आई निर्मलाबाई (माहेरच्या पाटणकर) यांच्या सूनबाई. पण आज त्याच शाळेत बापांची मोठी मुलगी बीएड करून मानधनावर शिकवते. महिना पाच लाख रुपिया. दचकू नका, आपले सव्वीसशे-सत्तावीसशे रुपये होतात. तिच्याही वेळी मांडव घातला होता, तिच्याही नावाची वही आहे.

तिचा नवरा कालिमांतानला, म्हणजे बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियन भागात, पाम तेलाच्या मळ्यात. गावातले बरेच जण मलेशियात, काही कागदपत्रांशिवाय. प्रांताचं नाव नुसा तेंगारा तिमूर, म्हणजे एनटीटी. लोक थट्टेने त्याची फोड करतात 'नासिब तिदाक तेंतू', नशिबाचा नेम नाही. दुसरी फोड 'नांती तुहान तोलोंग', पुढे देव बघून घेईल. हसत हसत सांगतात. मलेशियातून परतलेल्या शवपेट्या कुपांगच्या विमानतळावर उतरतात, हेही त्याच दमात सांगतात.

गाव सोडून जाण्याला माझा विरोध नाही. मी राजापूरचा. आमची दोन पिढ्यांची घरं मुंबईच्या मनीऑर्डरवर उभी राहिली, मला कोण 'मातीशी नाळ' शिकवणार? माझी तक्रार वेगळी आहे. वुआत वाईत एक म्हण म्हणतात: 'लालोंग बाकोक दू लाकोम, लालोंग रोम्बेंग दू कोलेम'. जाताना पांढरा कोंबडा, येताना रंगीबेरंगी कोंबडा. म्हणजे कोरी जा, भरून ये. गावाने आपला अर्धा करार पाळला, पांढरा कोंबडा दिला. उरलेला अर्धा कुणी पाळायचा? शिकलेली नर्स परत आली तर तिला पगाराची जागा हवी, शिकवणाऱ्या बाईला पोट भरेल एवढा पगार हवा, आणि इजोनच्या व्यापाऱ्याआधी बापांच्या दारात रास्त व्याजाने पैसे देणारं कुणीतरी पोचायला हवं. पायवाटेला पैसा मिळतो, कारण तिच्यापुढे उभं राहून फोटो काढता येतो.

सकाळी मांडव उतरत होता. एनू पडवीत झोपली होती, रात्रभर नाचून. टेबलावर वही उघडी, बापा आणि त्यांचे भाऊ बेरीज करत होते, दोनदा चुकली. मी डोकावलो. चौदाव्या पानावर माझं नाव, पुढे कंसात 'इंडिया, जकार्ता', आणि आकडा. मामांनी, म्हणजे बापांच्या बायकोने (तिथे आईला मामा म्हणतात), कॉफीचा पेला माझ्या हातात दिला आणि विचारलं, "तुमचा मुलगा कॉलेजला कधी जाणार?"

म्हटलं, अजून तीन वर्षं आहेत.

त्यांनी वहीकडे बोट दाखवलं. "आधी कळवा. जकार्ताचं तिकीट महाग असतं, आम्हाला आत्तापासून साठवायला लागेल."