अश्वगंधाचा काढा घ्या आणि थायरॉईडची गोळी बंद करा म्हणे!

एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडंबी आला असेल. अश्वगंधा, ब्राह्मी, जटामांसीचा काढा 21 दिवस घ्या, कितीही जुनं टेन्शन मुळापासून जातं, झोपेच्या नि थायरॉईडच्या गोळ्या बंद करा, नैसर्गिक आहे म्हणून साइड इफेक्ट शून्य, परदेशात सिद्ध झालंय. मी वाचून सोडून दिलेला. पण परवा सांगलीत मावशीकडं गेलो तर गॅसवर काळपट पाणी उकळतंय, ओट्यावर गणपती पेठेतनं आणलेल्या तीन पुड्या, आणि थायरॉईडच्या बाटलीला आठ दिवस हात नाही. "आरं, नैसर्गिक आहे की!"

निपाणीची तंबाखूबी शेतातच पिकते, मावशे.

ती गोळी म्हणजे अंगात जो हार्मोन कमी बनतोय तो बाहेरनं भरणं. बंद केली की थकवा, सुस्ती, उदास वाटणं, मग बाई म्हणणार टेन्शन वाढलं आणि अजून एक कप काढा ओतणार! बरं, गोळी चालू ठेवून वर अश्वगंधा घेतली तरी भानगड आहेच, कारण तिनं थायरॉईडचा हार्मोन वाढू शकतो, मग छातीत धडधड. लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत, थोड्या आहेत पण आहेत, आणि गरोदरपणात तर नकोच. डेन्मार्कनं 2023 मध्ये बंदीच घातली. मला ते जरा अतीच वाटतं, पण परदेशाचं नाव घेताय तर हेबी सांगा की.

सिद्ध झालंय हे अर्धं खरं, मान्य. ज्या अभ्यासाचा सगळे दाखला देतात तो 2012 चा, आणि परदेशातला कुठला, हैदराबादचा! 64 जण, 60 दिवस, काहींना अश्वगंधाच्या मुळीच्या अर्काची 300 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातनं दोनदा, बाकीच्यांना नुसती दिखाऊ. अर्कवाल्यांचा ताण उतरला, कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारा हार्मोन, सुमारे 28 टक्के कमी झालं. पण तो मोजून काढलेला अर्क, चमचाभर पावडर उकळलेलं पाणी नव्हे, आणि चालू गोळ्या सोडा असं त्यात कुठंच नाही.

ब्राह्मीचं तर काय बोलायचं, त्या नावानं दोन वेगळ्याच वनस्पती विकल्या जातात, पुडीत कुठली आलीय ते मावशीला काय कळणार.

आणि तिचं टेन्शन आहे तासगावच्या द्राक्षबागेच्या कर्जाचं. ते 21 दिवसांत मुळापासून गेलं तर मीबी पितो काढा.

काल सकाळी उपाशीपोटी गोळी घेतली म्हणून फोन आला, शनिवारी तिला डॉक्टरकडं नेतोय. पुड्या मात्र टाकल्या नाहीत तिनं, "पैसं पडलेत त्याला."