रातोरात घातलेला गतिरोधक आणि त्याचे खोटे समाधान

सध्या एक संदेश हातोहात फिरतोय. त्याचा आशय असा: 'गल्लीतून गाड्या सुसाट जात असतील तर पालिकेकडे अर्जबिर्ज करू नका, तिथे कुणी ऐकत नाही. पाट्यांनीही काही होत नाही. वर्गणी काढा आणि रातोरात सिमेंटचा गतिरोधक घाला, जितका उंच तितका चांगला.'

यामागचा संताप खरा आहे आणि मलाही तो येतो. दारातून पोर बाहेर पडताना जीव टांगणीला लागतो, तो उगाच नाही. पण सुचवलेला उपाय माणसं जखमी करणारा आहे.

आधी 'उंच तितका चांगला' हे घ्या. रस्त्यांसाठी आखलेला, माथ्याला गोलाई असलेला प्रचलित गतिरोधक गाडी जाते त्या दिशेने सुमारे ३.७ मीटर लांब आणि फार तर १० सेंटिमीटर उंच असतो. लांबीमुळे गाडी सावकाश चढते-उतरते आणि वेगात गेलं तरच हिसका बसतो. हाताने थापलेला वीतभर लांबीचा उंचवटा सावकाश जाणाऱ्यालाही आपटवतो. पट्टे नसतील तर रात्री दुचाकीस्वाराला तो दिसतच नाही. रुग्णवाहिकेत मणक्याला मार लागलेला रुग्ण असेल तर त्या एका दणक्याचं काय होईल, याचा विचार कुणी केलेला नसतो. अशा वाहनांसाठी तुकड्यातुकड्यांचे गतिरोधक असतात. रुंद गाडीची चाकं त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात, लहान गाडीला मात्र वेग कमी करावाच लागतो. शिवाय एकट्या गतिरोधकापुढे चालक ब्रेक दाबतो आणि ओलांडला की पुन्हा वेग घेतो. म्हणून ते ठरावीक अंतरावर, ओळीने लागतात.

पाट्यांबद्दलचं म्हणणं बरंचसं पटतं. रुंद, सरळ रस्त्यावर नुसती पाटी फारशी कुणी मानत नाही. पण त्यावर उंचवटा हा एकच उपाय नाही. कोपरे आवळता येतात, रस्त्याला हलकी वळणं देता येतात, पादचाऱ्यांचं ओलांडण्याचं ठिकाण पदपथाच्या पातळीला उचलता येतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात अशा निवासी गल्ल्या घडल्या आणि १९७६ मध्ये त्या देशाने त्यांच्यासाठी नियमच केले. तिथे गाडीला पायी चालणाऱ्याच्या गतीने जावं लागतं.

आता 'कुणी ऐकत नाही'. 'गाड्या फार जोरात जातात' एवढंच लिहिलेला अर्ज बाजूला पडतो, हे खरंच आहे. त्यात आकडे घाला. रस्त्याकडेच्या दोन खुणांमधलं ५० मीटर अंतर मोजा, कडेला सुरक्षित उभे राहा आणि मोबाइलवर वेळ लावा. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, ३.६ सेकंद लागले तर ५०. वेगवेगळ्या वेळी नोंदी करा. शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात, तो वेग अभियंते पाहतात. तुमच्या नोंदी ही सुरुवात समजा. पालिकेकडे अधिकृत मोजणी आणि अभियंत्यांसोबत जागेची पाहणी मागा, अर्जाची पोच घ्या.

कुणी म्हणेल, वेग कमी केला की उशीर होतो. अर्धा किलोमीटर ५० ऐवजी ३० च्या वेगाने गेलात तर २४ सेकंद जास्त लागतात. उलट बाजूही बघा. कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगातली गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ५० च्या वेगातला चालक तेवढ्या अंतरात जेमतेम ब्रेकवर पाय ठेवतो.

पक्कं बांधकाम मागण्याआधी चाचणी मागा. शंकू, रंग, कुंड्या ठेवून काही आठवडे बघता येतं आणि चुकलं तर हलवता येतं. गतिरोधक ज्याच्या दारासमोर येणार, त्याला आधी विचारा, कारण आवाज त्यालाच सोसायचा आहे. आणि मोजणी शेजारच्या गल्लीतही करायला लावा. आपल्याकडच्या गाड्या तिकडे वळल्या असतील, तर तिथल्या लोकांनाही पुढच्या बैठकीला बोलवा.