कितवी फेरी?

मन शांत व्हावे म्हणून धावायला लागा, असे आमच्या डॉक्टरांनी सुचवले तेव्हा शिवाजी पार्कचा कट्टा त्यांनी हिशेबात धरलेला नव्हता. गोष्ट गेल्या रविवारची आहे आणि ती अजून माझ्या घशाखाली उतरलेली नाही.

कट्ट्याभोवतीची एक फेरी सुमारे १.१७ किलोमीटरची आहे. माझ्या वेगाने तिला साडेआठ मिनिटे लागतात, आणि नऊ फेऱ्यांत दहा किलोमीटर भरून वर थोडे उरते. पहिला अर्धा तास मन उलट अधिकच कटकट करते. सोसायटीचा मेंटेनन्स, मुलीच्या शाळेची फी, साहेबांचा शुक्रवारचा मेल असे सगळे जण सोबत धावत असतात. मग केव्हातरी श्वास आणि पावले यांचा ठेका जुळतो आणि डोक्यातला रेडिओ आपोआप बंद पडतो. या सुखाचे श्रेय पूर्वी एंडॉर्फिनला दिले जाई, परंतु ते रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही, त्यामुळे आता संशयाची सुई आनंदामाइडकडे वळली आहे. हे द्रव्य १९९२ मध्ये जेरुसलेमच्या संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडले आणि त्यांनी त्याचे नाव संस्कृतातल्या ‘आनंद’ या शब्दावरून ठेवले. शब्द आपला, शोध त्यांचा, मेंदू डुकराचा. माझ्या वाट्याला मात्र ते काका आले.

उद्यान गणेशाच्या देवळापासून थोडे पुढे, अर्धा पेपर खाली अंथरून आणि उरलेला अर्धा वाचत ते कट्ट्यावर बसले होते. बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवलेले होते. दुसरी फेरी संपताना त्यांनी विचारले, “कितवी?” तोवर मी पुढे निघून गेलो होतो. उत्तर न देणे उद्धटपणाचे दिसेल म्हणून साडेआठ मिनिटे ते तोंडात घोळवत आणले आणि “दुसरी!” असे ओरडलो.

“म्हणजे मघाशी पहिली होती?” पाठीमागून आवाज आला.

माझी एक फेरी हकनाक बुडाली होती. ती परत मिळवावी की सोडून द्यावी, या विचारात चौथी फेरी गेली, आणि ती संपता संपता ऐकू आले, “अहो, टाच आपटतेय तुमची!” यावर “सवय आहे” एवढे दोनच शब्द पुरेसे होते. पाचव्या फेरीला ते घेऊन मी पोहोचलो, पण तोवर काकांचा विषय बदलला होता.

“रोज पहाटे असे बाहेर पडता, घरी बायको ओरडत नाही?”

“सवय आहे!” मी म्हणालो.

सहाव्या फेरीला कट्ट्यावर तिघे जण होते. जाता जाता “...पटत नसणार...” एवढेच कानावर पडले. सातव्या फेरीला माझ्या सातवीतल्या मुलीच्या लग्नाची चिंता चालली होती. आठव्या फेरीला कोणीतरी हळहळून म्हणाले, “पळू द्या हो बिचाऱ्याला.”

या शहरात माणसाने गप्प राहावे तरी कुठे? घरात दहा मिनिटे गप्प बसलो तर “काय झाले?” असे दोन्ही खोल्यांतून विचारले जाते; लोकलमध्ये गप्प बसावे तर शेजारचा प्रवासी त्याच्या मोबाइलवरचे रील साऱ्या डब्याला ऐकवत असतो. म्हणून तासभर घाम गाळून, गुडघे झिजवून मी थोडी शांतता कमावतो, तर तीही सार्वजनिक मालमत्ता ठरते. बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही की, काका, तुम्ही का बसला आहात? धावणाऱ्याला मात्र कारण द्यावे लागते.

नववी फेरी शेवटची होती. काकांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे वरपासून मधोमधपर्यंत पाहिले आणि अगदी आपुलकीने विचारले, “अहो, इतके धावूनही पोट तसेच कसे राहिले?”

दहा किलोमीटर पूर्ण झाले होते. मला थांबता आले असते. परंतु उत्तर द्यायचे तर आणखी एक फेरी आवश्यक होती. ती मी धावलो, आणि वाटेत असे उत्तर तयार केले की त्या तिघांनी पुन्हा कोणाच्या पोटाकडे पाहिले नसते. पोहोचलो तेव्हा कट्ट्यावर फक्त अंथरलेला पेपर होता.

घड्याळाच्या म्हणण्याप्रमाणे ती दहावी फेरी माझी आजवरची सर्वांत वेगवान होती. उत्तर अजून माझ्याकडेच पडून आहे; आज सकाळी अंघोळ करताना त्यातला एक शब्द बदलला.