मालकाचं उत्तर: ‘चांगली गाडी नेली, आजारी करून दिली’

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू सकाळी शटर उघडायच्या आधीच वाचला. मग जॉब कार्ड शोधून ते समोर ठेवलं आणि परत वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चेक इंजिनचा दिवा लागत नाही म्हणून वागळे इस्टेटला आमच्याकडे गाडी दिली. आम्ही ‘एका बल्बचे’ १,७५० रुपये घेतले, दोन दिवस गाडी अडकवली आणि परत दिली तेव्हा तोच दिवा कायमचा पेटलेला. पीयूसी पास असलेली गाडी आम्ही आजारी करून दिली, बाई बघितली की लुटतात, शुद्ध ४२०गिरी.

आधी आमच्या चुकीचं बोलतो. गाडी न्यायला तुमचे भाऊ आले होते. काउंटरवरच्या मुलाने कागद त्यांच्या हातात ठेवला, दोन मिनिटं काहीबाही सांगितलं आणि चावी दिली. गाडी तुमची, तक्रार तुमची, कार्डावर नंबरही तुमचाच, तरी तुम्हाला कोणी फोन केला नाही. तपासणीचे ८०० रुपये आमच्या भिंतीवर लिहिलेत आणि ते सगळ्यांना तेवढेच आहेत, त्यामुळे लुटीचं मला मान्य नाही. पण बाईच्या गाडीचं पुरुषाला समजावून मोकळं व्हायचं, हे मात्र आमच्याकडून झालं. त्याची माफी मागतो. मुलालाही सांगितलंय.

आता दिव्याकडे येतो. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

चावी ‘ऑन’ केली, इंजिन अजून सुरू केलेलं नाही, अशा वेळी बॅटरी, ऑइल, एअरबॅग यांच्यासोबत चेक इंजिनचा दिवाही लागलाच पाहिजे. गाडी त्या वेळी दिवा जिवंत आहे की नाही हे दाखवत असते. इंजिन सुरू झालं आणि बिघाड नसला की तो विझतो. तुमच्या गाडीत बाकी सगळे लागले, हा एकच नाही. हे तुमच्या लक्षात आलं याचं खरंच कौतुक आहे. दिवा पेटला म्हणून गाडी आणणारे रोज येतात, पेटत नाही म्हणून आणणारं वर्षातून एखादं.

तुम्ही म्हणता, बल्ब बदलायचा आणि संपलं. पण त्याच आठवड्यात आमच्याकडे दुसरी एक गाडी टो होऊन आली होती. ठाण्यात वंदना टॉकीजजवळच्या तुंबलेल्या पाण्यातून काढलेली. तिचाही चेक इंजिनचा दिवा लागत नव्हता, पण स्टार्टर फिरायचा आणि इंजिन उचलायचं नाही. स्कॅनर (गाडीतले बिघाड वाचायचं यंत्र) लावला तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बोलायलाच तयार नाही. त्याला करंटच मिळत नव्हता, मेन रिलेचे पॉइंट गंजले होते. त्या गाडीत मीटर, म्हणजे डॅशबोर्डवरचा काटे-दिव्यांचा डबा, उघडून दिवा बदलत बसलो असतो तर अख्खा दिवस फुकट गेला असता. तक्रार दोघींची तीच आणि बिघाड दोन टोकांचे. ८०० रुपये लागतात ते हे टोक शोधायला.

तुमच्या गाडीत बाकीचे दिवे लागत होते, म्हणजे मीटरचा फ्यूज आणि अर्थिंग ठीक. इंजिन एका झटक्यात सुरू झालं, म्हणजे ईसीएमला करंट आहे. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला, ईसीएम लगेच बोलला. आणि काय बोलला बघा: चेक लाईट चालू, दोन कोड (बिघाडाच्या नोंदीचे नंबर) जमा. म्हणजे कॉम्प्युटर दिवा लाव म्हणून सांगतोय आणि मीटरवर अंधार. स्कॅनरमधून दिवा पेटवण्याचा हुकूम देऊन पाहिला, तरी अंधारच. आता मीटर खाली काढण्याशिवाय इलाज नव्हता.

मीटर काढतानाच वायरमन म्हणाला, ‘शेठ, हे आधी उघडलेलं आहे.’ चारपैकी एक स्क्रू वेगळ्या डोक्याचा, एक नाहीच. बोर्डावर बाकीच्या दिव्यांचे एलईडी कंपनीतून आले तसे एका ओळीत बसलेले, आणि चेक इंजिनच्या जागी एलईडीच नाही. नुसत्या दोन टिकल्या, त्यावर हाताने सोल्डर तापवून ओढल्याच्या खुणा, बाजूला करपलेला पिवळा डाग. एलईडी आपणहून उडाला तर जागेवर मरून पडतो, तो बोर्ड सोडून जात नाही. तो कोणीतरी काढला होता.

कोणी काढला ते मी सांगू शकत नाही. गाडी २०१२ ची आहे आणि तुम्ही ती सेकंडहँड घेतली आहे, एवढंच मला माहीत आहे. विकताना दिवा झाकायची ही युक्ती जुनी आहे. कोणी आतून काळी टेप लावतं, कोणी असा एलईडी उपटतं. त्याहून हुशार लोक त्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडून देतात, म्हणजे चावी फिरवली की लागतो, इंजिन सुरू झालं की विझतो, आणि घेणारा खूश. तसल्या गाडीत मीटरकडे बघून काहीच कळत नाही. स्कॅनर ‘चालू’ म्हणतो आणि समोर दिवा बंद, एवढ्यावरच चोरी सापडते.

नवा एलईडी पाच-दहा रुपयांचा, हे तुमचं अगदी बरोबर आहे. बाकीचे पैसे मीटर काढणं, बोर्डावर बारीक सोल्डरिंग करणं (एलईडीला उलट-सुलट असतं, उलटा लावला तर लागत नाही) आणि मीटर परत बसवणं याचे, एकूण ९५०. बोर्डाचं काम करणारे काका दुपारी येतात. पहिल्या दिवशी पावसात भिजलेल्या पाच गाड्या रांगेत होत्या, म्हणून तुमची दुसऱ्या दिवसावर गेली. तेही फोन करून सांगायला हवं होतं.

एलईडी बसवला, चावी फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू केलं, दिवा तसाच राहिला. तो राहणारच होता, कारण ते दोन कोड आधीपासून आत बसलेले होते. तुमचा राग इथेच आहे, हे मला समजतं.

पहिला कोड पी०१३५. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजतो तो) हीटरचं सर्किट. दुसरा पी०४२०, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग, नीट काम करत नसल्याचा. हो, ४२०च. हा आकडा आम्ही ठेवलेला नाही, जगभरात तोच आहे! गंमत सोडून सांगतो, पहिल्या कोडचं निवारण होऊन सेन्सर धड वाचायला लागेपर्यंत या दुसऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. कन्व्हर्टर फार महाग असतो. कोणी तुम्हाला नुसता कोड वाचून तो बदलायला सांगितला तर सरळ नाही म्हणा.

हीटरचं मात्र पक्कं आहे. फ्यूज बघितला, सॉकेटपर्यंत १२ व्होल्ट येतात. सेन्सरच्या हीटरला मल्टिमीटर लावला तर सर्किट तुटलेलं. हा सेन्सर ३०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय धड वाचत नाही. हीटर मेला की त्याला धुराच्या उष्णतेवरच तापावं लागतं, आणि तोवर कॉम्प्युटर अंदाजाने पेट्रोल सोडतो. कोड पडला त्या क्षणाची नोंदही ईसीएममध्ये आहे: इंजिनचं पाणी ३४ अंश, वेग शून्य. म्हणजे थंड गाडी, नुकतीच सुरू केलेली. जॉब कार्डावर तुमच्याच अक्षरात लिहिलंय, ‘अॅव्हरेज ११ च देते, रोज मानपाडा ते स्टेशन’. एवढ्याशा अंतरात आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये सेन्सर उशिरा जागा होतो. अॅव्हरेजला इतरही कारणं असतात, पण एक कारण हे नक्की.

पीयूसीबद्दल: तिथे सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात, तोही गरम इंजिनचा. डॅशबोर्डवर कुठला दिवा लागतो आणि कुठला नाही हे तिथे कोणी बघत नाही.

आणखी एक, खरं तर मुख्य. ते दोन्ही कोड पुसून गाडी देणं दहा सेकंदांचं काम होतं. दिवा विझला असता, तुम्ही खूश होऊन गेला असता, आणि काही दिवसांनी तो परत लागला असता. शिवाय कोड पुसले की त्या क्षणाची नोंदही जाते आणि पुढच्या मेकॅनिकच्या हातात काहीच उरत नाही. म्हणून मुद्दाम पुसले नाहीत. हे कागदावर लिहिलंय, पण तो कागद बहुतेक गाडीच्या ड्रॉवरमध्येच पडलेला असेल.

सध्या दिवा स्थिर आहे तोवर गाडी चालवायला हरकत नाही, सवडीने काम करा. तो लुकलुकायला लागला तर मात्र गाडी बाजूला घेऊन बंद करा. तेव्हा इंजिन मिसफायर होत असतं, म्हणजे आतलं पेट्रोल नीट पेटत नसतं, आणि न जळलेलं पेट्रोल जाऊन कन्व्हर्टर भाजून निघतो. ज्याने कोणी एलईडी काढला त्याच्या कृपेने तो इशारासुद्धा तुम्हाला कधी दिसला नसता.

पैशांचं सांगतो. तपासणीचे ८०० परत करणार नाही, ते काम झालेलं आहे. आमच्यामुळे दुसऱ्या दिवशी तुम्हाला रिक्षाने जावं लागलं, ते जाण्यायेण्याचे पैसे सांगा, देतो. सेन्सर आमच्याकडेच लावा असं नाही. दुसरीकडे लावलात तरी नंतर या, स्कॅन करून पी०४२० परत येतो का ते बघून देईन, त्याचे पैसे नकोत. या वेळी मी स्वतः असेन आणि स्क्रीन तुम्हालाच दाखवेन.

बोर्डाचे चार फोटो काढून ठेवलेत, एलईडी बसवण्याआधीचे, तारखेसकट. गाडी ज्यांच्याकडून घेतलीत त्यांच्याशी बोलायचं असेल तर कामाला येतील. ते आजच तुमच्या नंबरवर पाठवतो, भावाच्या नाही.