मामाला टेन्शन, मामीला नखरे

सकाळी सकाळी फॅमिली ग्रुपवर फोटो. पबबाहेर तीन मुली, चेहरे धड दिसत नाहीत, खाली ओळ : 'आता बायकाच प्यायला लागल्या, संस्कार संपले.' पाठवलाय कुणी, तर ज्यांना दर लग्नात हळदीच्या रात्री दोघांनी धरून घरी आणावं लागतं त्या काकांनी! वर अठरा अंगठे. डोकंच फिरलं.

काका, सरकारचाच कुटुंब आरोग्य सर्व्हे आहे, २०१९-२१ चा. महाराष्ट्रात पिणारे पुरुष शंभरात चौदाच्या आसपास, बायका शंभरात एकसुद्धा नाही. मग संस्कार नेमके कुणाचे संपले?

मला मामी आठवली. कंपनी बंद पडली तेव्हापासून मामा रोज संध्याकाळी क्वार्टर आणायचा. स्टीलच्या पेल्यात ओतायचा, पोरांना कळू नये म्हणून. आम्हाला सगळं कळायचं. 'टेन्शन आहे गं त्याला,' आजी म्हणायची आणि मामी शेंगदाणे भाजून द्यायची. त्याच वर्षी मामी दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. दूध उतू जायचं, करपल्याचा वास घरभर, तिला उठताच यायचं नाही. तिला मात्र टेन्शन नव्हतं. तिला ॲसिडिटी होती. मग बीपी. मग नखरे.

हो, मान्य, शहरात मुलीही पितात. आणि बायकांच्या अंगात पाणी कमी, म्हणून तेवढीच दारू त्यांना जास्त बाधते, हेही मान्य. झालं समाधान?

डिप्रेशन बायकांना जास्त, असं डॉक्टर सांगतात. असेल. पण मामाचं कुणी मोजलं? दारूने मन आणखी खचतं, हे त्याला कोण सांगणार होतं? पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. विषय निघाला की आजी भडकायची, 'तो काय बेवडा आहे?'

एकदा रात्री पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरात लाइट बंद, मामा ओट्याला टेकून खाली बसलेला, हुंदके देत. शेजारी मामी. दिवसभर न उठलेली मामी. तिने पेला उचलला, विसळला, पालथा घातला आणि भाताचं पातेलं गॅसवर ठेवलं. दोघं एक शब्द बोलली नाहीत. मी तहानलेलीच परत जाऊन झोपले.

काकांना सणसणीत उत्तर टाइप करत होते. सहज अंगठे कुणाकुणाचे ते बघितलं.

अठरातला एक मामीचा आहे.